चुंबकत्वाला अटी लागू

मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार हे १९००च्या सुमारास ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे मोठा पेच उभा राहिला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीकसारीक चढउतार तिथे अनेक दशके नोंदवले जात होते. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होणार आणि वेधशाळेतील नाजूक उपकरणे पृथ्वीऐवजी ट्रामची हालचाल नोंदवू लागणार, हे उघड होते. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. लोखंड टाळून, चुंबकीय गुणधर्म नसलेल्या दगडात तिथे इमारत बांधली गेली आणि १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या. जुन्या आणि नव्या जागेच्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी मोजमाप चालू ठेवण्यात आले. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

वाहत्या विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते, ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. १८२० मध्ये कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी तारेतून वीज सोडली आणि जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळली. शेतातल्या पंपाची मोटार, मिक्सर, दारावरची घंटा, रुग्णालयातील एमआरआय यंत्र या सगळ्यांच्या मुळाशी तेच निरीक्षण आहे. यातला महत्त्वाचा शब्द ‘वाहती’ हा आहे. वीज वाहिली पाहिजे. विद्युतभार नुसता एका जागी बसून असेल, म्हणजे केवळ विद्युतक्षेत्र असेल, तर साधारणपणे चुंबकत्व येत नाही. एखाद्या विद्युतरोधक पदार्थाला, उदाहरणार्थ काचेला, विद्युतक्षेत्रात ठेवले तर तिच्यातले धन आणि ऋण भार किंचित विरुद्ध दिशांना सरकतात आणि तिथेच थांबतात. काच चुंबक होत नाही.

मात्र काही पदार्थांत असे घडू शकेल का, हा प्रश्न पियरे क्युरी यांनी १८९४ मध्येच मांडला होता. पदार्थाच्या अंतर्गत रचनेची सममिती विशिष्ट प्रकारची असेल तर विद्युतक्षेत्राने चुंबकत्व आणि चुंबकीय क्षेत्राने विद्युतभारांचे सरकणे शक्य आहे, असा त्यांचा तर्क होता. तो खरा ठरायला पासष्ट वर्षांहून अधिक काळ गेला. १९५९ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ झ्यालोशिन्स्की यांनी क्रोमियम ऑक्साइडमध्ये हा परिणाम दिसेल असे भाकीत केले आणि पुढच्याच वर्षी आस्ट्रोव्ह यांनी तो प्रयोगात मोजला. परिणाम खरा होता, पण अगदी क्षीण. शिवाय त्याचे प्रमाण त्या एका पदार्थाच्या जडणघडणीवर अवलंबून होते.

या जुन्या प्रश्नाला गेल्या वीस वर्षांत एक अनपेक्षित उत्तर मिळाले. ते ‘टोपोलॉजिकल इन्सुलेटर’ नावाच्या पदार्थांच्या पृष्ठभागावर सापडले. विषय भौतिकशास्त्राचा असला तरी आरोग्याच्या पानावर त्याची चर्चा व्हायला हवी, याला कारण आहे. ‘चुंबक’ आणि ‘क्वांटम’ या दोन शब्दांवर आज दुखऱ्या गुडघ्यांचा आणि थकलेल्या शरीरांचा मोठा बाजार चालतो. त्याच शब्दांवर खरे विज्ञान कसे चालते, हे पाहिले की दोन्हींतला फरक ओळखणे सोपे जाते.

टोपोलॉजी ही गणिताची एक शाखा. आकार ताणला, दाबला, वाकवला तरी जे बदलत नाही, त्याचा अभ्यास ती करते. मेदूवडा आणि बटाटेवडा यांत टोपोलॉजीच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. मेदूवड्याला एक भोक आहे, बटाटेवड्याला नाही. मेदूवडा कितीही चेपला तरी भोक बुजवल्याशिवाय त्याचा बटाटेवडा होत नाही. भोकांची संख्या नेहमी पूर्ण असते, दीड भोक असू शकत नाही. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांनाही असाच एक पूर्ण आकड्यांतला गुणधर्म असू शकतो, हे ओळखल्याबद्दल डेव्हिड थाउलेस, डंकन हॉल्डेन आणि मायकेल कॉस्टरलिट्झ यांना २०१६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

बिस्मथसारख्या जड मूलद्रव्याच्या काही संयुगांत ऊर्जापातळ्यांचा नेहमीचा क्रम उलटा झालेला असतो. असा पदार्थ आतून विद्युतरोधक असतो, पण त्याची ‘जात’ साध्या विद्युतरोधकाहून वेगळी असते. तो जिथे संपतो आणि हवा सुरू होते, त्या सीमेवर हा उलटा क्रम पुन्हा सुलटा व्हावा लागतो. मेदूवड्याचा बटाटेवडा होताना भोक कुठेतरी बुजावेच लागते, तसेच हे आहे. क्रम बदलताना वीज अडवणारी ऊर्जेची दरी पृष्ठभागापुरती मिटते. त्यामुळे पदार्थ आतून वीज अडवतो, पण त्याच्या पृष्ठभागावरून वीज वाहते. या वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे ‘स्पिन’, म्हणजे त्यांचे अंगभूत इवलेसे चुंबकत्व, त्यांच्या गतीच्या दिशेला बांधलेले असते. उजवीकडे जाणाऱ्याचे स्पिन एका बाजूला आणि डावीकडे जाणाऱ्याचे त्याच्या विरुद्ध. त्यामुळे वाटेत साधी अशुद्धी आडवी आली तरी इलेक्ट्रॉनला सरळ माघारी फिरता येत नाही.

चार्ल्स केन आणि युजीन मेले यांनी २००५ मध्ये या कल्पनेचा पाया घातला. पुढच्या वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने एका प्रत्यक्ष पदार्थाचे नाव सुचवले आणि २००७ मध्ये जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे त्याचा प्रायोगिक पुरावा मिळाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत बिस्मथ सेलेनाइड आणि बिस्मथ टेल्युराइड हे दोन पदार्थ या कुळातले म्हणून ओळखले गेले.

बिस्मथ डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. जठरातील व्रणावरच्या काही औषधांत त्याचे क्षार वापरतात. बिस्मथ टेल्युराइडची ओळख तर त्याहून रंजक आहे. वीज सोडली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम करणाऱ्या चकत्या या पदार्थाच्या बनवतात आणि १९५०च्या दशकापासून त्यावर काम चालू आहे. करोनाच्या साथीत आरटी-पीसीआर चाचणीच्या यंत्रात नमुना सुमारे पंचाण्णव अंशांपर्यंत तापवून पुन्हा साठच्या आसपास आणण्याचे काम चाळीसेक वेळा करावे लागे. अशा यंत्रांत हे काम सहसा याच चकत्या करतात. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांत हा पदार्थ वर्षानुवर्षे राबत होता आणि त्याच्या पृष्ठभागावर काय दडले आहे याची कोणाला कल्पना नव्हती.

आता विद्युतक्षेत्र आणि चुंबकत्वाकडे वळू. टोपोलॉजिकल इन्सुलेटरची एक बारीक कांडी घ्यावी. तिच्या सबंध पृष्ठभागावर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असा द्यावा की त्याचे चुंबकत्व सगळीकडे पृष्ठभागातून बाहेरच्या दिशेने असेल. या थरामुळे पृष्ठभागावरून सरळ वाहणारी वीज बंद पडते. मात्र एक चमत्कारिक वृत्ती शिल्लक राहते. कांडीच्या लांबीच्या दिशेने विद्युतक्षेत्र लावले की पृष्ठभागावरचा प्रवाह त्या दिशेने न जाता काटकोनात, आडवा वाहतो. बैल पुढे ओढतो आणि गाडी बाजूला सरकते, तसा हा प्रकार. भौतिकशास्त्रात याला हॉल परिणाम म्हणतात. गोल कांडीच्या पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी ‘आडवे’ म्हणजे कांडीभोवती गोल. रिळावर दोरा गुंडाळावा तसा प्रवाह कांडीभोवती फिरतो. मोटार रिवाइंड करताना तारेचे वेटोळे घालतात तेही याचसाठी, कारण गोल फिरणारा प्रवाह म्हणजे चुंबक. अशा रीतीने कांडीला लावले विद्युतक्षेत्र आणि तिच्यात त्याच दिशेने उभे राहिले चुंबकत्व. प्रवाह क्षेत्राच्या काटकोनात असल्याने आदर्श स्थितीत त्यात उष्णतेच्या रूपाने ऊर्जाही वाया जात नाही.

ओर्स्टेडचा नियम इथे मोडलेला नाही. चुंबकत्व अखेर फिरत्या प्रवाहामुळेच आले आहे. नवल हे की कोणतीही तार न गुंडाळता, पदार्थाच्या पृष्ठभागाने ते वेटोळे स्वतःच तयार केले.

त्याहून मोठे नवल प्रमाणाचे आहे. शियाओलियांग ची, टेलर ह्यूज आणि शौचेंग झांग यांनी २००८ मध्ये दाखवले की किती विद्युतक्षेत्राला किती चुंबकत्व मिळेल, हे फक्त इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लँकचा स्थिरांक या निसर्गाच्या दोन मूळ आकड्यांवर ठरते. पदार्थ बिस्मथ सेलेनाइड असो वा टेल्युराइड, नमुना जाड असो वा बारीक, मूळ मात्रा तीच. हिशेब साधा आहे. एका मिलीमीटरच्या हजाराव्या भागावर एक व्होल्ट, म्हणजे मीटरमागे दहा लाख व्होल्ट इतके क्षेत्र लावले, तर या परिणामातून सुमारे २४ मायक्रोटेस्ला एवढे चुंबकीय क्षेत्र मिळायला हवे. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या थोडे वर असते. म्हणजे त्याच्या निम्म्याच्या आसपास. एमआरआय यंत्राच्या दीड टेस्लापुढे हे काहीच नाही. तरीही क्रोमियम ऑक्साइडमधल्या जुन्या परिणामाच्या तुलनेत ते कितीतरी पट मोठे आहे.

हे झाले कागदावर. प्रत्यक्षात हा परिणाम मिळवायचा तर अटींची यादीच समोर येते. पदार्थ आतून खरोखर विद्युतरोधक हवा. बिस्मथ सेलेनाइडमध्ये काही ठिकाणी सेलेनियमचे अणू गळालेले असतात आणि त्यामुळे आतूनही वीज झिरपते. मग पृष्ठभागाचा आवाज त्या गोंगाटात ऐकूच येत नाही. नमुना फार पातळ झाला तर वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि गंमत संपते. चुंबकीय थराची दिशा सगळीकडे हवी तशीच असावी लागते. तापमान अतिशय कमी हवे. २०१३ मध्ये चीनमधील त्सिंगुआ विद्यापीठाच्या श्वे चिकुन यांच्या गटाने याच कुळातल्या पदार्थात क्रोमियम मिसळून, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र न लावता, २५,८१२ ओहमची अचूक पायरी गाठणारा हॉल परिणाम दाखवला. तो निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.०३ अंशावर. यातली एखादी अट काढली की परिणामही जातो. उदाहरणार्थ, चुंबकीय थर नसेल तर पृष्ठभाग धातूसारखा वागतो, तिथले मोकळे इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्र झाकून टाकतात आणि चुंबकत्वाचा प्रश्नच उरत नाही.

थेट चुंबकत्व मोजणे अवघड असल्याने शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये दाखवले होते की चुंबकीय क्षेत्रातल्या काचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा किंचित वळते. पृष्ठभागावर विद्युत आणि चुंबकत्वाची ही नवी सांगड खरी असेल, तर त्यावरून जाणारा प्रकाशही ठरावीक कोनातून वळला पाहिजे, आणि तो कोन सुमारे एक छेद १३७ या निसर्गातल्या प्रसिद्ध आकड्याशी बांधलेला असला पाहिजे. २०१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर आर्मिटेज यांच्या गटाने बिस्मथ सेलेनाइडच्या पातळ पापुद्र्यांवर टेराहर्ट्झ लहरी सोडून हा कोन मोजला. तो भाकिताशी जुळला. मात्र हे मोजमाप अतिशय थंड तापमानात आणि बाहेरून मोठे चुंबकीय क्षेत्र लावून केलेले होते, आणि ते तसे केले आहे हे त्यांच्या शोधनिबंधातच सांगितलेले आहे.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काय दिसले, कोणत्या परिस्थितीत दिसले, किती दिसायला हवे होते आणि किती दिसले, हे सगळे उघड मांडलेले असते. म्हणून दुसऱ्याला ते तपासता येते, आणि खोटे पाडताही येते. याच क्षेत्रात तसे घडलेही आहे. २०१७ मध्ये एका गटाने अशाच चुंबकीय टोपोलॉजिकल पदार्थाला अतिवाहक जोडून ‘मायोराना’ नावाचा बहुचर्चित कण दिसल्याचा दावा एका अग्रगण्य नियतकालिकात केला. प्रयोगाच्या आलेखातली एक अर्धी पायरी हा त्याचा मुख्य पुरावा होता. इतर संशोधकांनी तशीच उपकरणे बनवून पाहिली, तेव्हा ती पायरी त्या कणाशिवायही, अगदी साध्या कारणाने येते असे दिसले. मूळ माहितीबद्दलही प्रश्न उभे राहिले आणि २०२२ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. याला विज्ञानाची नाचक्की म्हणणारे म्हणोत. अटी आणि आकडे लिहून ठेवलेले होते म्हणूनच चूक पकडता आली.

आता दुसरे टोक. कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी तासभर थांबले तर चुंबकाचे पट्टे दिसतात. गुडघ्याला, मनगटाला, कमरेला. शेतात राबून गुडघ्याची वाटी झिजलेली साठीची बाई पट्टा सोडून गुडघा दाखवते आणि वर सांगते की मुलाने हप्त्यावर चुंबकाची गादीही घेतली आहे. कोणाच्या पिशवीत चुंबकाचे पाणी असते. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेला कोणी बुटात चुंबकाचे तळवे घालून येतो आणि त्याखाली झालेली जखम त्याला कळलेलीही नसते. विकणाऱ्याने सांगितलेले असते की रक्तात लोह आहे, चुंबक लोहाला ओढतो, त्यामुळे रक्ताभिसरण सुधारते. अलीकडे त्याला ‘क्वांटम ऊर्जा’ हे शब्द जोडलेले असतात. ऐकणारा मान डोलावतो, कारण लोह आणि चुंबकाचे नाते त्याने शाळेत पाहिलेले असते.

रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेकटे बांधलेले असते. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवले की प्राणवायू घेतलेल्या रक्ताला चुंबक ओढत नाही, उलट अत्यंत क्षीणपणे दूर लोटतो; प्राणवायू सोडलेल्या रक्ताला तेवढ्याच क्षीणपणे ओढतो. मेंदूचा कोणता भाग काम करत आहे हे दाखवणारे फंक्शनल एमआरआय याच बारीक फरकावर चालते. एमआरआयचा चुंबक पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक ताकदीचा असतो. त्यात माणूस अर्धा-पाऊण तास झोपतो आणि उठून चालत घरी जातो. त्याचे रक्त एका बाजूला ओढले जात नाही आणि ‘त्या चुंबकाने माझी गुडघेदुखी गेली’ असेही कोणी सांगत नाही. मग पट्ट्यात शिवलेल्या चकतीकडून कोणती अपेक्षा ठेवायची?

चाचण्याही झालेल्या आहेत. वेदनेसाठी कायम चुंबक वापरून केलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. वेदना कमी करण्याचा उपाय म्हणून हे चुंबक सुचवण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गुडघ्यासारख्या सांध्यांच्या झिजेबाबत फायद्याची शक्यता पूर्ण खोडून काढण्याइतकीही माहिती नाही, हेदेखील त्या आढाव्यात प्रामाणिकपणे नोंदवलेले आहे. तरीही पट्टा बांधून बरे वाटणारे रुग्ण भेटतातच. ते खोटे बोलत नाहीत. गुडघा पट्ट्याने आवळला की आधार मिळतो, ऊब मिळते, दुखणे आपोआप कमी-जास्त होत असते आणि काहीतरी उपाय चालू आहे या भावनेनेही वेदना हलकी होते.

ही परीक्षा जुनी आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे करत असल्याचा गाजावाजा होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. त्यात रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए आणि अमेरिकेचे राजदूत बेंजामिन फ्रँकलिन होते. फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एका झाडात ‘चुंबकत्व भरले’. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. भारलेल्या झाडापाशी पोचण्याआधीच, साध्या झाडांजवळ त्याला घाम फुटला, चक्कर आली आणि चौथ्या झाडाशी तो कोसळला. समितीने निष्कर्ष काढला की परिणाम कल्पनेचा आहे, चुंबकत्वाचा नाही. औषधांच्या चाचणीत रुग्णाला खरे औषध मिळाले की नकली हे कळू न देण्याची जी पद्धत आज आहे, तिचे बीज त्या बागेत दिसते.

चुंबकाने उपचार होतच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी डोक्यावर वेटोळे धरून क्षणार्धात बदलणारे चुंबकीय क्षेत्र दिले आणि त्यामुळे मेंदूत निर्माण झालेल्या विजेने हाताचे स्नायू हलवले. हे तंत्र आज औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर वापरले जाते. त्यालाही अटी आहेत. क्षेत्र बदलते हवे, एक टेस्लाहून अधिक हवे, डोक्यावरची जागा नेमकी हवी, आणि फिटचा आजार असलेल्यांना ते जपून द्यावे लागते. सगळ्यांना गुण येत नाही, हेही रुग्णाला आधी सांगितले जाते. उलट पट्ट्यातल्या चुंबकाचा एक परिणाम खराच घडू शकतो आणि तो घातक आहे. हृदयात पेसमेकर असेल तर छातीजवळ आलेल्या जोरदार चुंबकाने त्याची कामाची पद्धत बदलते. विकणारा हे सांगतोच असे नाही.

खऱ्या दाव्याची ओळख यातूनच पटते. तो आपल्या मर्यादा स्वतः सांगतो. टोपोलॉजिकल इन्सुलेटरवर काम करणारा शास्त्रज्ञ पदार्थ, जाडी, तापमान, क्षेत्र आणि अपेक्षित आकडा सांगतो. चुंबकाची गादी विकणारा मात्र पाठदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यांवर, सगळ्या वयात, कोणत्याही दुष्परिणामाशिवाय गुण येतो म्हणतो. गुण आला तर चुंबकाचा, नाही आला तर ‘अजून दोन महिने वापरा’. असा दावा कधी चुकूच शकत नाही, आणि जो चुकू शकत नाही त्याची परीक्षाही होऊ शकत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. नेमक्या कोणत्या आजारावर? किती ताकदीचे चुंबक, किती वेळ? डोळे बांधून केलेल्या चाचणीसारखी तपासणी झाली आहे का? कोणी वापरू नये? आणि गुण आला नाही हे किती दिवसांनी मान्य करायचे? शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशात ठेवावेत आणि चालू औषध कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये.

जबाबदारी केवळ ग्राहकाची नाही. मधुमेह, हृदयरोग, पक्षाघात अशा आजारांवरील उपायांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा देशात १९५४ पासून आहे आणि शरीराच्या कार्यावर परिणाम करण्याचा दावा करणाऱ्या वस्तूही त्याच्या व्याख्येत येतात. तरी गावोगावच्या मंगल कार्यालयांत ‘मोफत आरोग्य शिबिर’ म्हणून गाद्यांची विक्री चालते. अंमलबजावणी तिथे पोचायला हवी. डॉक्टरांनीही पट्टा पाहून नुसते हसण्याऐवजी दोन मिनिटे देऊन ‘तो का उपयोगी नाही’ हे समजावले पाहिजे. गर्दीच्या विभागात दोन मिनिटे महाग असतात हे खरे. पण ती न दिल्यास रुग्णाला वेळ देणारा दुसरा कोणी असतोच, आणि तो विक्रेता असतो.

शास्त्रसंस्थांचेही एक कर्तव्य आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. टोपोलॉजिकल पदार्थांची निर्मिती त्याच्या उद्दिष्टांत आहे, आणि अतिसूक्ष्म मोजमापांसाठीचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे सोपवलेले आहे. हा पैसा योग्य कामी लागतो आहे. मात्र उद्या एखाद्या पत्रकात ‘क्वांटम शोधामुळे कॅन्सरवर मात’ असे वाक्य आले, तर त्याच वाक्याचे कात्रण गादीच्या जाहिरातीत चिकटेल. संशोधकांनी आपल्या शोधाबरोबर त्याच्या अटीही तितक्याच ठळकपणे सांगाव्यात, आणि वृत्तपत्रांनी त्या छापाव्यात.

पृष्ठभागावरच्या या चुंबकत्वाचा रुग्णांना कधी उपयोग होईल का? कमी विजेवर चालणारी स्मरणयंत्रे, क्षीण चुंबकीय क्षेत्र टिपणारे संवेदक अशा शक्यतांवर काम चालू आहे. इतिहास घाई न करण्याचा सल्ला देतो. अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुनादन फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये घन आणि द्रव पदार्थांत मोजले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रुग्ण नव्हता. माणसाच्या शरीराचे पहिले चित्र त्यातून निघायला १९७७ उजाडले. मधली तीस वर्षे लोक मोजत राहिले, चुका करत राहिले, दुरुस्त करत राहिले.

कुलाब्याहून अलिबागला जाताना मूस यांनी दोन वर्षे दोन्हीकडे मोजले, कारण नवा आकडा जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्या कामाची शिस्त होती. गुडघ्यावर बांधायच्या पट्ट्यालाही तीच शिस्त लावावी, एवढीच अपेक्षा आहे.